गवताची राखण

बाप मस्कतात गवत राखायचा.
गावाला हे काही केल्या पटेना:
बिराप्पा हाक्के, ज्याच्या सात पिढ्यांची बोटं
लोकरीत गुंतलेली,
तो दर्याकाठच्या बागेत
गवताला पाणी पाजतो, त्याचा पगार घेतो,
आणि त्या गवताला तोंड लावायला
एक मेंढरू नाही.

शुक्रवारी त्याची सुट्टी. दुपारी फोन यायचा, चित्रासकट.
आई पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात यायची,
रेंज तिथंच, उंबऱ्याच्या उजव्या टोकाला.
मग तो आम्हाला बाग हिंडवायचा.
"ही कुरुमची बाग. ह्ये तळं.
ही पायानं हाकायची होडी, हिला पैसं पडत्यात.
ही गुलाबं. हात लावू नगा."
आम्ही माडग्याळच्या अलीकडं, जतच्या माळावर,
हात कसला लावणार?
तरी म्हाकूकाका हात मागं घ्यायचा.

"आन् ती बघ टेकाडावर धूपदानी.
आपल्या बिरोबाचं देऊळ शिखरासकट आत बसंल."
काका विचारायचा, "धूर निघतो का?"
"न्हाई. नुसती शोभेची हाय."
काका मान हलवायचा,
म्हणजे तिकडचंही काही खरं नाही.

समुद्र एकदाच दाखवला. आईला आवडला नाही.
"एवढं पाणी, आन् प्यायला येत न्हाई?"
"यंत्रात घालून गोड करत्यात. मग पायपानं गवताला."
आई गप्प झाली.
त्या आठवड्यात सोमवारचा टँकर बुधवारी आला होता,
रांगेत घागरींच्या जागी दगड मांडलेले,
कुठला दगड कुणाचा यावरून भांडणं.
फोन ठेवल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली,
"गवत व्हायला बी नशीब लागतं."

एका दसऱ्याला चित्र फार हलत होतं.
"थांब, थांब. ह्ये बघ."
बागेच्या मागचं अंग, जिथं कुणी फोटो काढत नाही:
तारेचं कुंपण, खताची पोती,
सिल्हेटकडच्या माळ्यांच्या चपला उन्हात वाळत,
आणि एक झाड. काटेरी, धुळकट, कुणी न लावलेलं.
"ह्येला हितं गाफ म्हणत्यात. चार वर्सं ह्येच्या सावलीला जेवलो.
आज पान चुरगाळून बघितलं.
सौंदड हाय गं. आपलीच सौंदड."
आम्ही उंबऱ्यातून हात जोडले.
काकानं भंडाऱ्याचं बोट काचेवर टेकवलं.
फोन आठवडाभर पिवळा होता.

अकरा वर्षांनी परतला.
पेटीत लोबान, आईला घड्याळ,
आणि लांब दांड्याची कात्री, कुंपण छाटायची.
घरात छाटायला काही नव्हतं.
मेंढरं त्याच्या तिकिटापायीच विकली होती,
अठ्ठावीस, बाकदार नाकाची.
कात्री त्यांच्या रिकाम्या वाघरीवर टांगली.

मी सांगलीत नर्सिंग शिकते.
तो भेटायला आला की आम्ही आमराईत बसतो.
चपला काढून, कडेला. गवतावर तो पाय ठेवत नाही.
मग बोट दाखवून चुका काढतो:
पाणी भर दुपारी दिलंय. कड वाकडी कापलीय.
"मुकादमानं तिथं आमचा दिवस कापला असता."

परवा मोडक्या जाळीतून एक शेळी आत आली,
थेट हिरवळीच्या मधोमध.
राखणदार काठी घेऊन निघाला, शिव्या देत.
बाप उठला. मला वाटलं, हा आता हाकलणार,
अकरा वर्षं हेच तर केलं.
त्यानं शेळीची कूस लांबूनच पाहिली.
"गाभण हाय," मला हळूच म्हणाला.
आणि राखणदाराच्या आडवा जाऊन उभा राहिला,
त्याची पाठ शेळीकडं होईल असा.
"काय पावणं, खत कंचं घालता?
मी बी राखणदारच. मस्कतात हुतो."

मागं गवत तुटत होतं,
चर्र, चर्र, दमानं.

"मस्कत?" राखणदारानं काठी काखेत घेतली.
"पगार किती द्येत हुते?"